जिवाणूंच्या पुटिका आणि पेशींचं तारतम्य



१९५९ साली कलकत्त्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांचा एक छोटासा शोधनिबंध 'नेचर'मध्ये छापून आला. त्यांनी कॉलऱ्याचे जिवाणू पोषक द्रवात वाढवले, तो द्रव गाळून जिवाणू काढून टाकले आणि गाळलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला. आतड्याचा तो तुकडा दोन्ही टोकांना बांधलेला होता. काही तासांत तो पाण्यानं टम्म फुगला. आत जिवाणू एकही नव्हता, तरी कॉलऱ्याचं मुख्य लक्षण हजर होतं.

या प्रयोगाचं महत्त्व कळायला सुमारे पासष्ट वर्षं मागं जावं लागतं. रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या संस्थेत रिखार्ड फायफर यांनी १८९२च्या सुमारास दाखवलं होतं, की कॉलऱ्याचे मेलेले जिवाणूही गिनीपिगचा जीव घेतात. म्हणजे विष जिवाणूच्या अंगातच असलं पाहिजे. त्याला त्यांनी 'एन्डोटॉक्सिन' म्हटलं. पुढं हे मत इतकं रुजलं, की जिवाणू मरून फुटल्याखेरीज त्याचं विष बाहेर पडत नाही असं पाठ्यपुस्तकं सांगू लागली. डे यांनी दाखवलं, की जुलाब घडवणारं विष जिवंत जिवाणू आपणहून बाहेर सोडतो. दोघंही बरोबर होते, कारण विषंच दोन होती. डे यांना सापडलेलं विष हे एक प्रथिन होतं. फायफर यांचं एन्डोटॉक्सिन हा जिवाणूच्या बाह्य आवरणाचाच एक घटक होता: मेद आणि शर्करा यांचा संयुक्त रेणू, लायपोपॉलिसॅकराइड.

त्याच शहरात १९६७ साली एस. एन. चॅटर्जी आणि जे. दास यांनी कॉलऱ्याचे जिवाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या वाढत्या, जोमदार जिवाणूंच्या बाह्य आवरणाला जागोजागी फुगवटे आलेले होते. फुगवटे मुळाशी आवळले जाऊन सुटत होते आणि गोल पिशव्या होऊन बाहेर पडत होते. आवरणाचा हा तुकडा म्हणजेच एन्डोटॉक्सिनचा तुकडा. ज्या विषाला जिवाणू मेल्याशिवाय सुटका नाही असं मानलं जात होतं, त्याला पाय फुटलेले होते.

आजच्या व्याख्यानाचा विषय या पिशव्या आहेत. त्यांना 'पुटिका' म्हणतात. त्यांचा व्यास साधारण २० ते २५० नॅनोमीटर असतो. ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २००० नॅनोमीटर लांब असतो, यावरून अंदाज यावा. औषधं निर्जंतुक करण्यासाठी ०.२२ मायक्रॉनची गाळणी वापरतात. तिच्यात जिवाणू अडकतात, पण बहुतेक पुटिका आरपार जातात. म्हणून शिरेतून द्यायचं औषध नुसतं गाळून भागत नाही, त्यात एन्डोटॉक्सिन आहे का याची वेगळी चाचणी करावी लागते.

पुटिका बनते कशी? ग्रॅम-ऋण गटातल्या जिवाणूला दोन पटलं असतात आणि मध्ये पेप्टिडोग्लायकन या द्रव्याची पातळ जाळी. बाहेरचं पटल जाळीपासून जिथं सैल होतं तिथं ते फुगतं, आणि सुटताना दोन पटलांमधली प्रथिनं, विकरं, जाळीचे तुकडे आणि कधी आरएनएचे धागेही पोटात घेऊन जातं. ग्रॅम-धन जिवाणूंची भिंत जाड असते, त्यामुळं त्यांना हे जमत नसावं असं बराच काळ वाटत होतं. २००९ साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पुटिका वेगळ्या करून त्यांतल्या प्रथिनांची यादीच प्रसिद्ध केली. क्षयाचा जिवाणूही पुटिका सोडतो, हे २०११मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधून पुढं आलं.

तरीही कितीतरी वर्षं पुटिकांकडं प्रयोगशाळेतला कचरा म्हणूनच पाहिलं गेलं. आजाराशी त्यांचा संबंध जोडला तो मेनिंगोकॉकसनं. हा मेंदूज्वराचा जिवाणू रक्तात शिरला तर काही तासांत माणूस दगावू शकतो. कॅनडातल्या डीव्हो आणि गिलख्रिस्ट यांनी १९७३ साली दाखवलं, की वाढत असलेला मेनिंगोकॉकस फुगवट्यांच्या रूपानं एन्डोटॉक्सिन सोडतो. पुढं नॉर्वेत पेटर ब्रांट्झेग यांनी अशा रुग्णांच्या रक्तातलं एन्डोटॉक्सिन मोजलं. ते जितकं जास्त, तितका मृत्यूचा धोका मोठा. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये दगावलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत फुगवटे धरलेल्या मेनिंगोकॉकसचं चित्रच छापून आलं.

इथवरची कथा सरळ आहे. जिवाणू विष सोडतो, शरीर भडकतं, रुग्ण दगावतो. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत मानवी पेशींवर पुटिकांचे जे परिणाम दिसले, ते या सरळ कथेत मावत नाहीत. काही पुटिका पांढऱ्या पेशींना भडकवतात, काही त्यांना गप्प बसवतात, काही चुकीच्या दिशेला पळवतात, तर काही चक्क शांत राहायला शिकवतात. करोनाच्या साथीनंतर 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोचला आणि ती वाढवणारे काढे, गोळ्या, सरबतं दुकानांत आली. प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त होणारी एक राशी आहे, जास्त तितकी बरी, असा त्यामागचा समज. पुटिकांचा अभ्यास या समजाच्या नेमका विरुद्ध जातो. मेनिंगोकॉकसनं दगावलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती बेफाम झालेली असते. पेशींच्या ठायी मोजायची गोष्ट तारतम्य ही आहे: काय आलं, कुणाकडून आलं, कुठल्या वाटेनं आलं, आणि त्याला किती उत्तर द्यायचं.

यातली वाट सगळ्यात आधी पाहू. लायपोपॉलिसॅकराइड ओळखणारा ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतो, त्याचं नाव टीएलआर-४. तो हाच, हे १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं उंदरांवरच्या अभ्यासातून दाखवलं, आणि २०११च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. माणसाचा हा ग्राहक फार तिखट आहे. स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत वजनाच्या दर किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एन्डोटॉक्सिन शिरेतून दिलं, की ताप आणि थंडी भरते. शिवाय तो चोखंदळही आहे. ई. कोलायच्या या रेणूला मेदाम्लांच्या सहा शेपट्या असतात आणि त्यावर ग्राहक जोरात बोलतो. आतड्यात सुखानं राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्सच्या रेणूला शेपट्या कमी असतात, त्याची तो फारशी दखल घेत नाही.

ही झाली पृष्ठभागावरची गोष्ट. पेशीच्या आतल्या द्रवातही एक पहारा असतो, तो कॅस्पेज या विकरांचा. उंदरात कॅस्पेज-११, माणसात कॅस्पेज-४ आणि ५. लायपोपॉलिसॅकराइड थेट आत सापडलं तर हे विकर गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन कापतं, त्याचे तुकडे पेशीच्या पटलाला भोकं पाडतात, दाह पेटवणारी द्रव्यं बाहेर सांडतात आणि पेशी फुटून मरते. चोर अंगणात दिसला तर घरचे आरडाओरडा करतात. माजघरात सापडला तर घर पेटवून देतात, असा हा प्रकार आहे.

अडचण अशी होती, की अनेक जिवाणू पेशीच्या आत शिरतच नाहीत. मग त्यांच्या आवरणातला हा रेणू आतल्या पहाऱ्यापर्यंत जातो कसा? २०१६ साली कनेटिकट विद्यापीठातल्या शिवप्रिया वनजा, विजय रतिनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. भक्षक पेशी पुटिका गिळते. गिळलेली पुटिका ज्या कप्प्यात जाते, त्या कप्प्यातून लायपोपॉलिसॅकराइड निसटून पेशीद्रवात उतरतं. पुटिका कमी बनवणारे उत्परिवर्तित ई. कोलाय वापरले, तेव्हा हा पहारा तितकासा जागा झाला नाही. म्हणजे जिवाणू बाहेर राहिला तरी त्याची खूण आतपर्यंत पोचते. पेप्टिडोग्लायकनचीही तीच कथा. जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या पुटिका जठराच्या अस्तराच्या पेशींत हे तुकडे नेऊन सोडतात, तिथला नॉड-१ हा ग्राहक त्यांना ओळखतो, आणि पांढऱ्या पेशींना बोलावणारी द्रव्यं स्रवू लागतात. मेलबर्नच्या मारिया कापाराकिस यांच्या गटानं २०१० साली हे दाखवलं होतं.

आता पाठवणाऱ्याकडं वळू.

परम्याचा जिवाणू, गोनोकॉकस, याच्या पुटिकांत पोर-बी नावाचं प्रथिन असतं. मेलबर्नच्याच मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांना २०१८मध्ये आढळलं, की हे प्रथिन भक्षक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचतं, आणि पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागते. जी पेशी जिवाणूला गिळणार होती, ती जिवाणूशी गाठ पडण्याआधीच संपते.

मॉरॅक्सेला कॅटरॅलिस या जिवाणूची तऱ्हा निराळी. लहान मुलांचा कान फुटतो, त्यामागं पुष्कळदा हा असतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या टॉन्सिलमधल्या मानवी बी पेशी घेऊन त्यांवर याच्या पुटिका सोडल्या. पुटिकांवरचं एक प्रथिन बी पेशींच्या पृष्ठभागावरच्या आयजीडी प्रतिपिंडाला चिकटतं. पेशी कामाला लागतात, भरपूर प्रतिपिंडं बनवतात, पण ती मॉरॅक्सेलाविरुद्ध नसतात. इथं प्रतिसाद जोमदार आहे आणि तरीही निरुपयोगी आहे. काढ्यानं ही 'इम्युनिटी' वाढली असती तर जिवाणूचंच फावलं असतं.

स्युडोमोनास एरुजिनोसाला आरडाओरडा नकोच असतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात फुप्फुसातला चिकट स्राव साचतो आणि हा जिवाणू तिथं वर्षानुवर्षं ठाण मांडतो. अमेरिकेतल्या डार्टमथच्या ब्रूस स्टँटन यांच्या गटानं २०१६मध्ये त्याच्या पुटिकांत आरएनएचा एक आखूड धागा शोधला. पुटिका मानवी श्वासनलिकेच्या पेशीला मिळाली, की हा धागा आत जातो आणि इंटरल्युकिन-८चा स्राव घटतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना हाक मारणारं द्रव्य हेच. उंदरांच्या फुप्फुसात या धाग्यामुळं न्यूट्रोफिलांची गर्दी कमी झालेली दिसली. एका प्राण्याच्या पेशीतला कारभार जिवाणूच्या आरएनएनं बदलावा, ही कल्पना काही वर्षांपूर्वी कुणी गंभीरपणे घेतली नसती.

क्षयाचा जिवाणू तर भक्षक पेशीच्या पोटातच राहतो. त्यामुळं बाहेरच्या टी पेशींवर त्याचा प्रभाव कसा पडतो, हा जुना प्रश्न होता. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून २०१५ आणि २०१७ साली आलेल्या संशोधनात दिसलं, की संसर्ग झालेल्या भक्षक पेशीतून जिवाणूच्या पुटिका बाहेर पडतात. त्यांच्यातलं लायपोअरॅबिनोमॅनन हे द्रव्य टी पेशींना जाऊन मिळतं आणि त्यांचा प्रतिसाद मंदावतो. जिवाणूला लोहाची चणचण भासली की त्याच्या पुटिका वाढतात, हेही आढळलं आहे. आणि शरीर तर संसर्गात आपलं लोह मुद्दाम लपवून ठेवतं.

एवढं ऐकून पुटिका म्हणजे जिवाणूंचं कारस्थान, असं वाटेल. तसं म्हणायच्या आधी बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसला भेटायला हवं. हा निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात असतो, तिथल्या जिवाणूंत संख्येनं अगदी थोडा. मात्र आतडं फाटून पोटाच्या पोकळीत गळू झालं, तर त्यातून हाच सर्वांत जास्त वेळा सापडतो. त्याच्या आवरणात पीएसए नावाची एक शर्करा असते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या सार्किस मझमानियन यांच्या प्रयोगशाळेनं २०१२ साली दाखवलं, की ही शर्करा पुटिकांतून डेंड्रायटिक पेशींपर्यंत जाते. या पेशी टी पेशींना शिकवण्याचं काम करतात. पीएसए मिळालेल्या पेशी अशा टी पेशी तयार करवतात, ज्या इंटरल्युकिन-१० स्रवून दाह आवरतात. अशा पुटिका दिलेल्या उंदरांचं आतड्याच्या दाहापासून रक्षण झालं.

या कथेचा पुढचा भाग थेट माणसाशी येऊन भिडतो. क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार. त्याचा धोका वाढवणाऱ्या जनुकांत नॉड-२ आणि एटीजी१६एल१ ही दोन महत्त्वाची. २०१६ साली त्याच प्रयोगशाळेतून हियुतुंग चू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पुटिकेचा शांत राहण्याचा धडा पेशीच्या पचनी पडायला ही दोन्ही जनुकं लागतात. एटीजी१६एल१चा सदोष प्रकार असलेल्या रुग्णांच्या पेशींना बॅक्टेरॉइड्सच्या पुटिका दिल्या, तेव्हा दाह आवरणाऱ्या टी पेशी तयार झाल्या नाहीत. जिवाणू तोच, पुटिका तीच. घेणाऱ्या पेशीच्या एका जनुकानं निकाल बदलला. आनुवंशिक दोष आणि आतड्यातले जिवाणू ही क्रोन्सची दोन वेगळी कारणं मानली जात होती. इथं ती एकाच पेशीत एकमेकांना भेटली.

माणसानं या साऱ्याचा उपयोग काय केला? सिद्धांत पुरता कळायच्या आधीच लस केली.

मेनिंगोकॉकसचे अनेक गट आहेत. बहुतेकांविरुद्धची लस त्यांच्या बाह्य कवचातली शर्करा वापरून बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'मेनफाइव्ह' ही लस ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांवर चालते, आणि एप्रिल २०२४मध्ये नायजेरियानं ती सर्वांत आधी वापरात आणली. या यादीत बी गट नाही. बी गटाच्या कवचातली शर्करा आपल्या मज्जापेशींवरच्या एका शर्करेसारखी हुबेहूब असते. शरीर तिला परकं मानत नाही, आणि मानलं तर ते आपल्याच पेशींवर उलटण्याची भीती. म्हणून कवच सोडून आतल्या आवरणाकडं, म्हणजेच पुटिकांकडं जावं लागलं. जिवाणूंचं आवरण डीऑक्सिकोलेट या पित्तक्षारानं धुऊन त्यातलं बरंचसं एन्डोटॉक्सिन काढतात. थोडं उरतं, आणि ते प्रतिसाद जागवायला उपयोगी पडतं.

क्युबानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशी लस आणली आणि चाचणीत ८३ टक्के परिणामकारकता नोंदवली. नॉर्वेनं शाळकरी मुलांवर आपली लस तपासली, तिथं आकडा ५७ टक्के आला. क्युबाची लस ब्राझीलमध्ये साव पावलोत दिली तेव्हा चार वर्षांवरच्या मुलांत ती ७४ टक्के परिणामकारक ठरली, पण दोन वर्षांखालच्या बाळांना तिचा लाभच दिसला नाही. लस सारखीच असून वयानुसार पेशींचं उत्तर वेगळं आलं.

न्यूझीलंडमध्ये १९९१पासून बी गटाची साथ सुरू झाली. २००१ साली तिथं ६५० रुग्ण नोंदले गेले, त्यांत माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांतली मुलं फार होती. २००४मध्ये त्या साथीच्या वाणापासून पुटिकांची लस करून वीस वर्षांखालच्या दहा लाखांहून अधिक जणांना टोचली गेली. पुढं त्याच पुटिकांत आणखी तीन प्रथिनं घालून 'बेक्सेरो' ही लस झाली. २०१३ साली युरोपात तिला परवानगी मिळाली आणि २०१५पासून ब्रिटनमध्ये ती तान्ह्या बाळांना दिली जाते.

न्यूझीलंडच्या मूळ लसीनं एक अनपेक्षित शक्यता दाखवली. तिथल्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ती लस घेतलेल्या तरुणांत परम्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळलं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. गोनोकॉकस हा मेनिंगोकॉकसचा अगदी जवळचा नातलग, दोघांच्या पुटिकांत बरीच प्रथिनं सारखी. परमा एकदा होऊन गेला तरी शरीराला त्यापासून संरक्षण मिळत नाही. मग नातलगाच्या पुटिकांनी ते थोडंफार द्यावं, हे विशेष. बेक्सेरोवरच्या फ्रान्समधल्या डॉक्सिव्हॅक या चाचणीच्या अंतिम निकालात मात्र असा लाभ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तरीही प्रतिजैविकांना न जुमानणारा परमा वाढत असल्यानं इंग्लंडनं ऑगस्ट २०२५मध्ये जास्त धोका असलेल्या लोकांसाठी बेक्सेरो सुरू केली.

श्रोत्यांपुढं या संशोधनाची दुखरी बाजूही ठेवली पाहिजे. पुटिका शुद्ध मिळवणं अवघड असतं. अतिवेगवान अपकेंद्रणानं त्या तळाशी बसवतात, पण त्यांच्याबरोबर कशाभिकांचे तुकडे, जिवाणूभक्षक विषाणू आणि सुटं एन्डोटॉक्सिनही खाली बसतं. मग पेशीनं दिलेलं उत्तर नेमकं कशाला होतं? मात्रा कुणी प्रथिनाच्या वजनात सांगतं, कुणी कणांच्या संख्येत, त्यामुळं दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष ताडून पाहता येत नाहीत. उंदीर माणसापेक्षा कितीतरी जास्त एन्डोटॉक्सिन सोसतो, म्हणून उंदरातला निकाल माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि पोषक द्रवात पोटभर खाऊन वाढलेल्या जिवाणूच्या पुटिका, लोहासाठी तडफडणाऱ्या जिवाणूच्या पुटिकांसारख्या असतीलच असं नाही.

हे सगळे धडे एकत्र कसाला लागताहेत ते शिगेलावरच्या लसीत. रक्ती आवेच्या या जिवाणूची दोन-तीन जनुकं बदलून इटलीत सिएना इथल्या संशोधकांनी असे वाण तयार केले, जे पुटिका भरपूर सोडतात आणि ज्यांच्या एन्डोटॉक्सिनची एक शेपटी कमी असते. माणसाचा टीएलआर-४ त्यावर सौम्य बोलतो. यातली पहिली लस सुरक्षित ठरली, प्रतिपिंडंही बनली, पण स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन केलेल्या चाचणीत ती रोग रोखू शकली नाही. नव्या लसीत शिगेलाचे चार प्रकार एकत्र आहेत आणि प्रतिजनाची मात्रा वाढवलेली आहे. केनियातल्या लहान मुलांवर तिच्या चाचण्या झाल्या आणि २०२५मध्ये पुढच्या विकासाचं काम हैदराबादच्या भारत बायोटेककडं आलं. ताप न आणता किती जोराचं उत्तर मिळवायचं, आणि साव पावलोत जिथं लस अडली त्या दोन वर्षांखालच्या बाळांत ते मिळतं का, हे आता पुढच्या चाचण्यांना ठरवायचं आहे.